पुढं डिस्क, मागं ड्रम : जुन्या पद्मिनीला अ‍ॅडजस्टेबल ब्रेक व्हॉल्व्ह

गाडी : प्रीमियर पद्मिनी, पेट्रोल, मागच्या चाकांना ड्राइव्ह, मागं लीफ स्प्रिंग. मूळ रचनेत चारही चाकांना ड्रम ब्रेक. आधीच्या मालकानं पुढं डिस्क, टँडम मास्टर सिलिंडर (पुढच्या आणि मागच्या ब्रेकला वेगवेगळ्या लाइनमधून प्रेशर देणारा) आणि पायाचा जोर वाढवणारा छोटा व्हॅक्यूम बूस्टर बसवून घेतलेला. मागचे ड्रम आणि व्हील सिलिंडर जुनेच ठेवलेले.

तक्रार : जोतिबाच्या डोंगरावरून उतरताना, पावसात, जोरात ब्रेक मारला की मागची बाजू उजवीकडं जाते. कोरड्या रस्त्यावर एकदम ब्रेक दाबला तर मागचं उजवं चाक आधी घसटतं आणि डांबरावर त्याचा एकट्याचा काळा पट्टा उमटतो.

मालकांची मागणी सरळ होती, मागं कंट्रोल व्हॉल्व्ह, म्हणजे मागच्या ब्रेकचं प्रेशर कमी करणारा प्रपोर्शनिंग व्हॉल्व्ह, बसवून द्या. वर "मिस्त्री, पुढं पण एक लावून टाका की, म्हणजे सगळं हातात येईल." मिस्त्रींनी तिथंच सांगितलं, "मालक, त्यो व्हॉल्व्ह प्रेशर काढून घेतो, देत काय न्हाई. पुढचं काढून घेतलं तर गाडी थांबणार कशी?" पुढच्या लाइनला हा व्हॉल्व्ह लावायचा नाही. मागच्या लाइनलाही गाडीतली बाकीची दुखणी बरी झाल्याशिवाय लावायचा नाही. या गाडीत तशी मोठी दुखणी तीन निघाली.

आधी काय निघालं

दोन्ही मागची चाकं एकदम जाम होत असती तर संशय पुढच्या-मागच्या ब्रेकच्या वाटणीवर गेला असता. एकच चाक जाम होतं म्हणजे डाव्या-उजव्यात फरक आहे, आणि कोणताही प्रपोर्शनिंग व्हॉल्व्ह डाव्या-उजव्यातला फरक मिटवत नाही. मागच्या दोन्ही चाकांना एकाच टी-मधून (तीन तोंडांच्या पाइप जोडातून) सारखंच प्रेशर जातं. म्हणून पहिलं काम ड्रम उतरवणं.

डाव्या ड्रममध्ये अ‍ॅक्सलचं ऑइल सील गळत होतं. लायनर, म्हणजे ब्रेक शूवरचे ड्रमला घासणारे थर, गियर ऑइलनं काळे, चकचकीत झालेले. म्हणजे डावं चाक धरतच नव्हतं आणि सगळा भार उजव्या चाकावर. उजवं चाक "जास्त धरतंय" असं वाटत होतं, प्रत्यक्षात ते एकटंच नीट धरत होतं. तेल प्यायलेले लायनर पेट्रोलनं धुऊन परत बसवायची सवय बऱ्याच ठिकाणी आहे. वरून कोरडे दिसतात, दोन-तीनदा गरम झाले की आतलं तेल परत वर येतं. दोन्ही बाजूंचे लायनर नवे घेतले. एका बाजूचे नवे आणि दुसरीकडचे जुने ठेवले तर तोच फरक उलट्या बाजूनं येतो. ड्रम लेथवर फिरवून डायल गेजनं पाहिले. डावा 0.25 मिमी वाकडा होता, दोन्ही सारख्या मापाला टर्निंग करून घेतले.

पुढं उजव्या कॅलिपरची एक स्लाइड पिन (ज्यावर कॅलिपर सरकतं ती) गंजून जाम. त्या चाकावर एकच पॅड काम करत होतं. पुढचा ब्रेक कमी पडला की चालक नकळत पेडल जास्त दाबतो, लाइनमधलं प्रेशर वाढतं आणि ते सगळं मागच्या ड्रमकडंही जातं. मागची तक्रार पुढच्या चाकात लपलेली असू शकते ती अशी.

तिसरी गोष्ट टायर. मागचे दोन टायर पुढच्यांपेक्षा बरेच जुने होते, बाजूच्या भिंतीला बारीक भेगा. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. ते वाचल्याशिवाय ब्रेकच्या वाटणीबद्दल बोलण्यात अर्थ नाही. चारही टायर एका मापाचे, एका कंपनीचे घातले.

लीफ स्प्रिंगचे शॅकल बुशही ढिले होते, ते बदलले. हँडब्रेकची केबल इतकी ताणलेली होती की ब्रेक सोडल्यावरही शू ड्रमला टेकून राहत होते. ती सैल करून आधी शू अ‍ॅडजस्ट केले, मग केबल. उलटा क्रम धरला तर पेडल खाली जातं.

एवढं करून गाडी परत चालवली. आता दोन्ही मागची चाकं एकदम, सारखी जाम होऊ लागली आणि पुढची फिरतच राहिली. इथून पुढं प्रश्न खरोखर वाटणीचा.

वाटणी बिघडली का

डिस्क म्हणजे जोरदार आणि ड्रम म्हणजे कमजोर, असा समज पक्का आहे. पिस्टनचं माप आणि प्रेशर सारखंच धरून तुलना केली तर उलटं दिसतं. ड्रममधला पुढचा शू चाकाच्या फिरण्यानं स्वतःच ड्रमकडं ओढला जातो, त्याला फुकटची मदत मिळते. डिस्कला ती मिळत नाही. डिस्कला तितकाच ब्रेक द्यायचा तर प्रेशर जास्त लागतं. मूळ गाडीत चारही ड्रम होते आणि व्हील सिलिंडरची मापं त्या हिशेबानं ठरलेली. पुढं डिस्क आणि बूस्टर आल्यावर पेडलमागचं प्रेशर वाढलं, ते डिस्कला हवंही होतं. पण तेच वाढीव प्रेशर मागच्या ड्रमला मिळालं, आणि ड्रमला ते नको होतं.

आकडे काढून पाहू. गाडी वजनकाट्यावर नेली. कोल्हापुरात ऊस आणि गुळामुळं काट्यांची कमतरता नाही. आधी पूर्ण गाडी, मग फक्त पुढची चाकं प्लॅटफॉर्मवर, मग फक्त मागची. चालक बसलेला, टाकी अर्धी. एकूण 980 किलो, पुढं 520, मागं 460. काटा 10 किलोच्या टप्प्यानं दाखवतो, त्यामुळं बेरीज जुळते का ते पाहायचं. प्लॅटफॉर्म आणि बाजूचा रस्ता एका पातळीत नसेल तर अर्ध्या गाडीचं वजन चुकीचं येतं.

चाकांमधलं अंतर 2.34 मीटर. गुरुत्वमध्याची उंची 0.56 मीटर धरली. ब्रेक मारल्यावर मागून पुढं जाणारं वजन काढायचं सूत्र सोपं : एकूण वजन गुणिले मंदन (वेग किती झपाट्यानं उतरतो ते, जी मध्ये; 1 जी म्हणजे गुरुत्वाकर्षणाएवढं) गुणिले उंची भागिले चाकांमधलं अंतर. 0.7 जी मंदनाला ते 164 किलो येतं. म्हणजे जोरदार ब्रेकमध्ये पुढं 684 आणि मागं फक्त 296 किलो उरतात. 70 : 30. घाटात आणखी भर पडते. 8 टक्के उतार धरला तर उभ्या गाडीतही जवळपास 19 किलो मागून पुढं सरकतात.

आता ब्रेक काय देतात ते. पुढं 48 मिमी पिस्टनचं सिंगल पिस्टन कॅलिपर, पॅडचा घर्षणांक 0.38, डिस्कची परिणामकारक त्रिज्या 95 मिमी, टायरची 290 मिमी. दर 1 बार प्रेशरला पुढच्या दोन चाकांवर मिळून साधारण 90 न्यूटन. मागं 19.05 मिमी, म्हणजे पाऊण इंची व्हील सिलिंडर, ड्रमची त्रिज्या 125 मिमी, ड्रमचा ब्रेक फॅक्टर (सिलिंडरच्या जोराच्या किती पट घर्षण मिळतं तो आकडा) 2.2. दर बारला दोन्ही चाकांवर 54 न्यूटन. वाटणी झाली 62.5 : 37.5.

हलक्या ब्रेकला ही वाटणी ठीक आहे. बिघाड कुठं सुरू होतो? मागच्या चाकांवर उरलेलं वजन ज्या मंदनाला 37.5 टक्क्यांवर येतं तिथं. ते येतं 0.39 जी ला. त्याखाली पुढची चाकं आधी जाम होतात, त्यावर मागची. उंची 0.56 ऐवजी 0.52 किंवा 0.60 धरली तरी हा आकडा 0.37 ते 0.42 मध्येच राहतो, त्यामुळं अंदाजात थोडी चूक असली तरी निष्कर्ष बदलत नाही.

हा 0.39 चा आकडा कोल्हापूरच्या रस्त्यांवर लावून पाहावा. गळिताच्या हंगामात ट्रॉलीतून पडलेल्या पाचटाचा ओला चोथा, शेतातून टायरला चिकटून आलेली काळी माती, चैत्र यात्रेनंतर जोतिबाच्या रस्त्यावर उरलेला गुलाल आणि त्यावर वळवाचा शिडकावा. अशा ठिकाणी पकड, म्हणजे चाकावरच्या वजनाच्या किती पट ब्रेकचा जोर टायर पेलतो तो आकडा, 0.39 च्याही खाली जाते. तिथं या गाडीची पुढचीच चाकं आधी सुटतील, गाडी सरळ घसरेल. पण नुसत्या ओल्या चांगल्या डांबरावर पकड त्याच्या वर असते, आणि तिथंच मागची चाकं आधी सुटतात. म्हणून मालकांचा अनुभव "चिखलात काही होत नाही, साध्या पावसात फिरते" असा होता. ऐकायला विचित्र, पण बरोबर.

0.7 जी ला व्हॉल्व्ह नसताना पुढच्या टायरकडून 0.63 पकडीची मागणी होते आणि मागच्याकडून 0.87 ची. कोरड्या डांबरावर चांगला टायर 0.8 च्या आसपास देतो. मागचा कमी पडणारच. जाम झालेलं चाक बाजूचा जोर धरू शकत नाही, त्यामुळं मागचं जाम झालं की गाडी स्वतःभोवती फिरू पाहते. पुढचं जाम झालं तर स्टिअरिंग ऐकत नाही, पण गाडी सरळ जाते आणि पाय थोडा उचलला की परत ताब्यात येते. दोन्ही वाईटच, पण पहिलं जास्त.

दुसरे रस्ते

मागचा व्हील सिलिंडर 19.05 वरून 17.46 मिमी, म्हणजे अकरा सोळांश इंची केला तर मागचा ब्रेक 16 टक्क्यांनी उतरतो आणि बिघाडाचा बिंदू 0.39 वरून 0.56 जी वर जातो. स्वस्त, साधं, फिरवायला कुठली नॉब नाही. रोजच्या वापरातल्या गाडीला पुष्कळदा हाच उपाय पुरतो आणि खरं तर आधी याचाच विचार व्हावा. इथं अडचण अशी की बॅकप्लेटला नेमका बसणारा, त्या बोअरचा सिलिंडर मिळाला नाही, आणि भोकं वाढवून दुसऱ्या गाडीचा बसवणं हे ब्रेकच्या बाबतीत नको ते धाडस. शिवाय 0.56 च्या वर कोरड्या रस्त्यावर दुखणं तसंच राहतं.

व्हॅन आणि पिकअपला असतो तसा एलएसपीव्ही, म्हणजे अ‍ॅक्सलला दांडी जोडलेला, भार पाहून प्रेशर बदलणारा व्हॉल्व्ह, तत्त्वानं सर्वांत चांगला. पण त्याची दांडी, स्प्रिंग आणि बसवण्याची उंची त्या त्या गाडीच्या सस्पेन्शनसाठी ठरवलेली असते. दुसऱ्या गाडीत अंदाजानं बसवला तर तो कधी काय करेल याचा भरवसा नाही.

राहिला अ‍ॅडजस्टेबल व्हॉल्व्ह. नॉबचा घेतला. त्याच्यासोबतच्या कागदावर दोन आकडे होते आणि विकत घेताना तेच पाहायचे असतात. नी-पॉइंट 100 ते 1000 पीएसआय, म्हणजे 7 ते 69 बार, आणि जास्तीत जास्त घट 57 टक्के. अर्थ असा की ठरवलेल्या प्रेशरपर्यंत मागं पुढच्याइतकंच प्रेशर जातं. त्या बिंदूनंतर व्हॉल्व्ह हात आखडता घेतो आणि पुढं वाढणाऱ्या प्रत्येक 1 बारमागं मागं 0.43 बारच वाढतं. नॉब फिरवल्यानं फक्त तो बिंदू सरकतो, नंतरचा उतार तोच राहतो. नळाची तोटी जशी सगळाच प्रवाह कमी करते तसा हा नाही. काही जण पाइपमध्ये साधा अडवणारा व्हॉल्व्ह टाकतात. त्यानं प्रेशर पोचायला उशीर होतो, पण पाय दाबून धरला की शेवटी मागं पूर्ण प्रेशर जातंच.

हिशेबानं 0.7 जी ला आदर्श वाटणी साधायची तर बिंदू 26-27 बारच्या जवळ येतो. पण 0.8 जी ला तीच रेषा आदर्शापेक्षा थोडी वर जाते. म्हणून लक्ष्य 22 बार, साधारण 320 पीएसआय ठेवलं. या सेटिंगला 0.7 जी वर पुढच्या टायरकडून 0.72 आणि मागच्याकडून 0.66 ची मागणी होते. मागं थोडं राखून ठेवलेलं असतं, आणि ते तसंच हवं.

सामान आणि जागा

व्हॉल्व्ह 1. ब्रेक पाइप 4.75 मिमी, तांबं-निकेलचा किंवा कोटिंगचा स्टील बंडी, 4 मीटर (मागची लाइन जुनी आणि गंजलेली होती म्हणून पूर्ण बदलली, तुकडा जोडला नाही). फ्लेअर नट (पाइपचं पसरवलेलं टोक, म्हणजे फ्लेअर, पोर्टमध्ये दाबून धरणारे) 6, दोन वाया जाणार हे धरून. मागचा रबरी होज 1. बाहेरून चांगला दिसणारा जुना होज आतून फुगून एका दिशेलाच तेल सोडतो आणि मागचा ब्रेक चिकटून राहतो, त्यामुळं तो वयावर बदलायचा. ब्रेक ऑइल डॉट 4, 1 लिटर, सीलबंद. 3 मिमी पट्टीचा ब्रॅकेट, पाइपला क्लिपा. साधा तांब्याचा पाइप वापरायचा नाही, कंपनानं तो कडक होऊन तडकतो.

आधीच्या कामात मागच्या लाइनमध्ये कुठं दुसरा व्हॉल्व्ह लपलेला नाही ना, हे पाइपवर बोट ठेवून टोकापर्यंत पाहिलं. एकामागं एक दोन व्हॉल्व्ह आले तर दोन्हींचा हिशेब बिघडतो. टँडम सिलिंडरचं कोणतं पोर्ट पुढचं आणि कोणतं मागचं हेही अंदाजानं ठरवायचं नाही. एक पोर्ट उघडून कोणत्या चाकांचा ब्रेक जातो ते पाहायचं.

व्हॉल्व्ह मास्टर सिलिंडर आणि मागच्या टी-च्या मधे येतो. मालकांना तो डॅशबोर्डखाली हवा होता, चालवताना फिरवता येईल म्हणून. रस्त्यावरच्या गाडीत हे नको. एक तर ब्रेक ऑइलची जोडणी केबिनमध्ये येते. दुसरं, नॉब दिसली की कोणी तरी ती फिरवतंच. बोनेटखाली, बल्कहेडवर (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यावर), एक्झॉस्टपासून 150 मिमी दूर जागा धरली. व्हॉल्व्हचं वजन ब्रॅकेटनं पेलायचं, पाइपनं नाही. दोन्ही बाजूंना पाइपचा 50–60 मिमी व्यासाचा एकेक वेटोळा ठेवला, म्हणजे कंपन जोडावर येत नाही. पुढं दर 300 मिमीला क्लिप.

फ्लेअरचा घोळ

सर्वांत जास्त वेळ इथं गेला आणि बहुतेक ठिकाणी गळतीही इथूनच सुरू होते. व्हॉल्व्हची पोर्टं एम10×1 होती. जुन्या पाइपचे नट तीन अष्टमांश इंच, 24 आट्यांचे. दोन्हींमधला फरक डोळ्याला दिसत नाही. एक 10 मिमी, दुसरा 9.53. इंची नट एम10 पोर्टमध्ये घातला की तो हातानं आत जातो, थोडा सैल लागतो, शेवटी पान्ह्याखाली घट्टही वाटतो. तो आट्यांच्या टोकांवर धरलेला असतो. पूर्ण प्रेशर आलं की आटे चोळून निघतात. पिच गेज आणि व्हर्निअर लावल्याशिवाय नट पोर्टमध्ये घालायचा नाही. एवढा एकच नियम पाळला तरी पुरे.

टोकाचा आकारही वेगळा. इंची जोडाला बहुतेक वेळा आत वळवलेला डबल फ्लेअर लागतो, एम10 जोडाला बुडबुड्यासारखा डीआयएन फ्लेअर. एकाच्या जागी दुसरा दाबून बसवला तर पहिल्या दिवशी गळत नाही, महिन्याभरानं पाझरतो. पोर्टच्या तळाशी टॉर्च मारून पाहायचं. शंकू वर आलेला असेल तर डबल फ्लेअर, खोलगट असेल तर बुडबुडा.

पाइप कटरनं काटकोनात कापायचा, आतली-बाहेरची धार काढायची, आणि नट आधी पाइपवर चढवायचा. हे शेवटचं इतक्या वेळा विसरलं जातं की उद्यमनगरातल्या कुठल्याही ब्रेकच्या दुकानात नट न घातलेले सुंदर फ्लेअर भंगारात पडलेले दिसतील. फ्लेअर जोडाला टेफ्लॉन टेप लावायची नाही. तिथं सील धातूवर धातूनं होतं. टेपचा एक धागा आत गेला की तो व्हॉल्व्हच्या सीटवर जाऊन बसतो. एम10 नट 12 ते 16 न्यूटन-मीटरला घट्ट केले, उघड्या पान्ह्यानं नव्हे तर फ्लेअर नटच्या पान्ह्यानं.

हवा काढणं आणि गेज

हवा काढताना नॉब पूर्ण आत, म्हणजे कमीत कमी घट. मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबचं चाक आधी, मग जवळ येत जायचं. जुन्या सिलिंडरचं पेडल जमिनीपर्यंत दाबायचं नाही. रोज जिथं पिस्टन जात नाही तिथं बोअर गंजलेला असतो आणि वॉशर त्यावर फाटतो. पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवला. डॉट 4 चा उत्कलनबिंदू कोरडा असताना किमान 230 अंश आणि ओलावा शोषल्यावर 155 अंश धरतात. आपल्याकडच्या पावसाळ्यात उघडा डबा महिनाभर ठेवून वापरणं म्हणजे दुसऱ्या आकड्याकडं चालत जाणं. रंगावर थेंब पडला तर पुसायचा नाही, लगेच पाण्यानं धुवायचा.

सेटिंग गेजशिवाय करू नये असं स्पष्ट मत आहे. 0 ते 100 बारचे दोन गेज घेतले, एक पुढच्या कॅलिपरच्या हवा काढायच्या निपलच्या जागी, एक मागच्या व्हील सिलिंडरच्या. अ‍ॅडॉप्टर लेथवर कातून घेतले, ते फक्त मोजण्यापुरते. गेजमध्ये मशीन ऑइल राहिलेलं नसावं. गेज तपासणीच्या टेबलावर तेच तेल वापरतात आणि त्याचा एक चमचाही ब्रेकच्या रबराला फुगवायला पुरतो. आयसोप्रोपिल अल्कोहोलनं धुऊन, वाळवून, आत ब्रेक ऑइल भरून मगच लावले.

इंजिन चालू, गाडी उभी, पेडल हळूहळू दाबून घेतलेले आकडे, बारमध्ये :

| पुढं | मागं, नॉब पूर्ण आत | मागं, नॉब पूर्ण बाहेर | मागं, अंतिम सेटिंग |
|---|---|---|---|
| 20 | 20 | 13 | 20 |
| 40 | 40 | 21 | 30 |
| 60 | 60 | 30 | 38 |

पेडल सोडल्यावर मागचा काटा पुढच्याच्या जरा मागून शून्यावर येतो, ते ठीक. मागं काही बार अडकून राहिले तर व्हॉल्व्हची आत-बाहेर दिशा उलटी झाली आहे किंवा आत कचरा आहे. 70 बारला 2 मिनिटं धरून प्रत्येक जोडाला टिशू कागद गुंडाळला. ओला डाग कागदावर दिसतो, बोटाला लागत नाही.

मैदानावर

नवे पॅड आणि लायनर असताना घर्षणांक स्थिर नसतो. आधी 50 वरून 15 किमीपर्यंत 20 वेळा मध्यम ब्रेक, मधे थंड होऊ देऊन. मग शिरोलीतल्या एका कारखान्याच्या बंद आवारात, परवानगी घेऊन, सुटीच्या दिवशी चाचणी. चालक एकटा, टाकी अर्धी. हीच सर्वांत वाईट स्थिती, कारण मागं वजन सर्वांत कमी. एक माणूस बाहेर उभा राहून मागच्या चाकाचं मोबाइलवर चित्रण करतो. आतून चालकाला कोणतं चाक आधी थांबलं ते कळत नाही, त्याला नुसता आवाज येतो.

नॉब पूर्ण बाहेर ठेवून सुरुवात. 40 किमी वेगानं सरळ, एकदम ब्रेक. पुढची चाकं जाम, मागची फिरती. अर्धा फेरा आत, परत तेच. गेजवर 22 बारच्या थोडं पुढं, 28 च्या सुमारास मागची चाकं पुढच्यांबरोबर थांबू लागली. तिथून मागं येऊन 22 वर थांबवलं. मग टँकरनं जमीन ओली करून तेच. ओल्यावरही पुढची आधी. कोरड्यावर सेटिंग आणि ओल्यावर खात्री, हा क्रम बदलायचा नाही. ओल्यावर वजन पुढं कमी सरकतं, त्यामुळं तिथं मागचा ब्रेक जास्त चालतो आणि तिथं लावलेलं सेटिंग कोरड्या रस्त्यावर घातक ठरतं.

40 वरून थांबायला आता 9.8 मीटर लागले. आधीचा आकडा या शेजारी ठेवण्यात अर्थ नाही. तेव्हा मागची बाजू फिरू लागली की चालक पाय उचलायचा, एकही चाचणी सरळ पूर्ण झाली नव्हती.

शेवटी लॉकनट, नॉबपासून ब्रॅकेटपर्यंत पिवळ्या रंगाची एक सरळ रेघ, आणि नॉबवर रबरी टोपी. रेघ तुटलेली दिसली की कोणी तरी हात लावला.

भरलेल्या गाडीचं काय

हा व्हॉल्व्ह भार ओळखत नाही. चौघं आणि सामान घेऊन गाडी 1280 किलोची झाली, पुढं 580 आणि मागं 700, तर जोरदार ब्रेकमध्येही मागं 38 टक्के वजन राहतं. व्हॉल्व्ह मात्र एकट्या चालकाच्याच हिशेबानं मागचा ब्रेक कापतो. तेवढंच मंदन मिळवायला व्हॉल्व्ह नसतानापेक्षा पेडलमागचं प्रेशर साधारण 17 टक्के जास्त लागतं, आणि पुढची चाकं लवकर जाम होतात. थांबायला अंतर थोडं वाढतं. मालकांना हे गाडी देताना सांगितलं, कारण दिवाळीत पाच माणसं घेऊन गगनबावड्याचा घाट उतरताना "ब्रेक कमी झालेत" असं वाटणारच, आणि तेव्हा रस्त्याकडेला बोनेट उघडून नॉब आत फिरवण्याचा मोह होतो. परत एकट्यानं येताना ती बाहेर घ्यायची आठवण राहत नाही. अंतर राखून, खालच्या गियरमध्ये उतरायचं.

पॅडचा प्रकार, टायरचं माप, मागचा सिलिंडर, स्प्रिंगची उंची, यातलं काहीही बदललं की सेटिंग नव्यानं. नुसते त्याच प्रकारचे पॅड बदलले तर गेजची गरज नाही, मैदानावरची एक फेरी पुरे. 100 किमीला जोड पाहिले, 500 ला परत. दर पावसाळ्यानंतर टोपी काढून स्पिंडल गंजला नाही ना ते पाहायचं आणि डॉट 4 दर दोन वर्षांनी पूर्ण बदलायचं.

कागदांचं एक. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 मध्ये मूळ रचनेतल्या बदलांवर बंधनं आहेत. पंधरा वर्षांनंतरच्या नोंदणी नूतनीकरणाला ही गाडी तपासणीला जाणारच आहे. आधीच्या मालकानं केलेल्या डिस्कच्या बदलाचीही नोंद नव्हती. दोन्ही बदलांबद्दल आरटीओत विचारून घ्यायला आणि विमा कंपनीला लेखी कळवायला मालकांना सांगितलं. गेजच्या आकड्यांचा तक्ता आणि वजनकाट्याच्या पावत्या गाडीच्या फाइलमध्ये लावून दिल्या.